जुन्या वॅगनआरमध्ये हँड्सफ्री ब्लूटूथ किट घरीच बसवतोय – कॅसेटचा टेप न काढता (मदत हवी)

सातरस्ता | १२ एप्रिल, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. बरेच दिवस इथे नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

गाडी वडिलांची, २००८ ची वॅगनआर, एमएच १३, म्हणजे सोलापूर. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत फेरनोंदणी करून घेतली, इंजिन ठणठणीत आहे. अण्णा निवृत्त शिक्षक, वय ७१, गाडी अजून स्वतःच चालवतात. महिन्यातून एकदा तुळजापूर, एकादशीला पंढरपूर. आणि गाडी निघाली की घरून आईचा फोन. तो वाजला की अण्णा खिशातून काढणार, चष्मा कपाळावर सरकवून नाव वाचणार (फोन आईचाच असतो, तरी वाचणार) आणि एका हाताने स्टिअरिंग धरून "हॅलो" म्हणणार. मार्चमध्ये मोहोळच्या पुढे मी शेजारी बसलो होतो. अंधार पडलेला, समोर उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मागे एक दिवा नाही. अण्णांनी ब्रेक वेळेवर मारला, पण माझा पाय गाडीच्या तळातून खाली जायचा बाकी होता.

सरळ उपाय म्हणजे ब्लूटूथवाला नवा स्टिरिओ. पण गाडीत कॅसेटचा टेप आहे आणि तो काढायचा नाही, ही अट. कप्प्यात अभंगांच्या अकरा कॅसेटी आहेत. दोन-तीन तर आता पेन्सिलीनेच गुंडाळाव्या लागतात. यावर घरात चर्चा झालेली आहे, निकाल लागलेला आहे, कृपया तो विषय इथे पुन्हा काढू नये.

पुण्यात मामेभावाने गाडी विकताना त्यातली पॅरट या फ्रेंच कंपनीची सीके ३१०० किट काढून ठेवली होती, ती मला मिळाली. एक डबा, फिरवायची चकती असलेला छोटा स्क्रीन, माइक आणि तारांचा गुंता. इथल्या एका दुकानात दाखवली तर "हे भंगार आम्ही बसवत नाही, अँड्रॉइड स्क्रीन घ्या" म्हणाले.

प्रश्न दोनच. कॅसेटच्या टेपबरोबर ही चालेल का? आणि घरी बसवता येईल का? मल्टीमीटर आणि सोल्डरिंग गन आहे. डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा, पण त्यालाही आता वीस वर्षं झाली.

मुक्काम_हडपसर | १२ एप्रिल, रात्री १०:१५

चालेल, आणि तुमच्यासारख्यांसाठीच ती बनवलेली आहे. ही किट टेप आणि स्पीकर यांच्या मधे बसते. एरवी टेपचा आवाज तिच्यातून नुसता पुढे जातो. फोन आला की ती स्पीकर टेपकडून काढून स्वतःकडे घेते, बोलणं संपलं की परत करते. वर कॅसेट आहे, सीडी आहे की रेडिओ, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. मोबाईलमधली गाणी यावरून वाजणार नाहीत. ब्लूटूथमध्ये बोलण्यासाठी वेगळी पद्धत असते, हँड्सफ्री प्रोफाइल, आणि गाण्यांसाठी वेगळी, एटूडीपी. या मॉडेलमध्ये फक्त पहिली आहे. बोलण्याचा आवाजही जुन्या पद्धतीने, सेकंदाला ८००० नमुने घेऊन जातो, म्हणजे साध्या टेलिफोनसारखा. नव्या गाड्यांत हेच १६००० असतं, म्हणून तिथे माणूस शेजारी बसून बोलल्यासारखा वाटतो. आईचा फोन घ्यायला ८००० पुष्कळ झाले.

जोडताना कोड मागेल. जुन्या उपकरणांत तो बहुतेक वेळा ०००० किंवा १२३४ असतो.

कडक_भाकरी | १२ एप्रिल, रात्री १०:३१

येवढा कुटाणा कशाला करलालाव ओ? लायटरमध्ये घालायचा एफएमवाला डबा घ्या की. पाचशेत काम. टेपचा रेडिओ लावायचा, फोन त्यात ऐकू येतो.

सातरस्ता | १२ एप्रिल, रात्री १०:४४

@कडक_भाकरी, तो वापरून झाला. शहरात एक फ्रिक्वेन्सी मोकळी सापडते, मोहोळ ओलांडलं की तिथे दुसरंच स्टेशन घुसतं. शिवाय कॅसेट चालू असताना रेडिओ बंद असतो, म्हणजे फोन आला तरी काहीच ऐकू येत नाही. अण्णांनी तिसऱ्या दिवशी उपटून माझ्या टेबलावर ठेवला.

बार्शीलाईट | १३ एप्रिल, सकाळी ७:५०

मी रोज बार्शी-सोलापूर येऊन-जाऊन करते. सन व्हायझरला अडकवायचा ब्लूटूथ स्पीकर वापरत होते. दोन उन्हाळे टिकला. दिवसभर गाडी ऑफिसबाहेर उन्हात, काचा बंद, संध्याकाळी दार उघडलं की आतून भट्टीची वाफ. तिसऱ्या एप्रिलमध्ये त्याची बॅटरी फुगली आणि प्लास्टिकची शिवण उकलली. सोलापूरच्या उन्हात गाडीत लिथियम बॅटरीची वस्तू कायमची ठेवू नये, एवढं त्यातून कळलं. त्यामुळे गाडीच्याच बॅटरीवर चालणारी किट बसवताय हे चांगलं. आणि स्क्रीन डबल टेपने डॅशबोर्डवर चिकटवू नका. टेप वितळून स्क्रीन घसरतो, मागे काळा चिकट डाग राहतो. स्क्रूने नाहीतर पट्टीने बसवा.

बाराबंदी | १३ एप्रिल, सकाळी ९:०५

कायद्याचं बोलू का? मोटार वाहन कायद्याचं कलम १८४. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरतात. पहिल्या वेळी एक ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. शब्द 'हातात धरून' असा आहे, त्यामुळे गाडीत बसवलेल्या किटवर बोलणं त्यात येत नाही. रस्ता बघण्यासाठी फोन वापरायला ऑक्टोबर २०२० पासून नियमात मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नसेल तर.

पण माझं मत विचाराल तर हात मोकळे झाले म्हणून डोकं मोकळं होत नाही. ७१ व्या वर्षी तुळजापूरच्या घाटात फोनवर बोलायचंच कशाला?

सातरस्ता | १३ एप्रिल, दुपारी १:२०

@बाराबंदी, मान्य. पण आईला 'फोन करू नकोस' आणि अण्णांना 'फोन घेऊ नका' या दोन्ही गोष्टी मी सांगून पाहिल्या आहेत. त्यापेक्षा तारा जोडणं सोपं.

बाराबंदी | १३ एप्रिल, दुपारी १:२६

हे मात्र पटलं.

वायरमन१३ | १३ एप्रिल, रात्री ९:१०

साहेब, बावीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलंय, सांगतो. घरी होण्यासारखं आहे. एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी प्रवास ठरवू नका.

सुरुवात बॅटरीपासून. १० नंबरचा पाना घेऊन आधी मायनस काढायचा. प्लस आधी काढलात आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी. टेपभोवतीचं पॅनेल क्लिपांवर असतं, डिसमिसने उचकटू नका, प्लास्टिक जुनं झालंय, मोडेल. जुना बँक कार्डासारखा काहीतरी चपटा तुकडा कपडा गुंडाळून घाला आणि हळू ओढा.

मागे काय सापडेल ते सांगता येत नाही. या वयाच्या गाड्यांत कुणीतरी कधीतरी कंपनीचा कपलर (तारा एकत्र खोचायचा प्लास्टिकचा जोड) कापून तारा पिळून काळी पट्टी मारलेली असते. म्हणून तारांच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. परत सांगतो, रंगावर नाही. जोडण्याआधी बॅटरी थोडा वेळ परत लावायची, मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी पिन बॉडीच्या उघड्या लोखंडाला, आणि एकेक तार तपासायची. चावी काढलेली असताना १२ दाखवते ती कायमची. चावी एक घर फिरवल्यावर दाखवते ती चावीची. या दोन तारा सापडल्या की अर्धं काम झालं.

स्पीकरच्या तारा ओळखायला साधा पेन्सिल सेल घ्या. जोडीला क्षणभर लावला की त्या दारातला स्पीकर 'टक्' करतो. कागद पुढे उचलला गेला तर सेलचा प्लस जिकडे होता तो प्लस. हे टेपपासून तारा सोडवूनच करायचं, टेप जोडलेला असताना नाही. स्पीकरचा मायनस कधीही बॉडीला लावायचा नाही, टेपचा आयसी (आतली चिप) जातो.

अर्थ (बॉडीला जाणारी मायनसची तार) मात्र चांगला घ्या. बाकी नंतर विचारा.

मुक्काम_हडपसर | १३ एप्रिल, रात्री ९:३२

@वायरमन१३, पेन्सिल सेलची युक्ती झकास. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

जोडीला एक: बाजारात आयएसओ कपलरची नर-मादी जोडी मिळते. किटच्या तारेच्या टोकाला तोच कपलर असतो. तो कापू नका. गाडीच्या तारांना जोडी बसवून घ्या, मग किट मधे नुसती खोचायची. उद्या काढायची झाली तरी दोन मिनिटांचं काम.

सातरस्ता | १९ एप्रिल, रात्री ११:०५

बसवली!!

आज शनिवार, सकाळी दहाला सुरुवात, संध्याकाळी सातला शेवटचा स्क्रू. वायरमन१३ म्हणाले तसंच निघालं. टेपच्या मागे पक्ष्याचं घरटं, काळी पट्टी वितळून मध झालेला. संध्याकाळी अंधार पडताना सिद्धेश्वर तलावाला एक चक्कर मारली, आईला घरून फोन करायला लावला. अभंग थांबला, चारी बाजूंनी आईचा आवाज आला, अण्णा दचकून मागे बघायला लागले. चकतीवरचं हिरवं बटण दाबायला त्यांना एकदाच शिकवावं लागलं.

फोटो उद्या टाकतो. सगळ्यांचे आभार. शेंगाचटणी लागू.

कडक_भाकरी | १९ एप्रिल, रात्री ११:१२

चटणी नुसती लागू करून कसं चालंल, पाठवा की.

सातरस्ता | २१ एप्रिल, रात्री ८:३०

मंडळी, गडबड आहे.

रविवारी सकाळी अण्णा गाडी घेऊन मार्केटला गेले. किट बंद. स्क्रीन काळा. टेप चालू, बाकी सगळं चालू. परत आले, मी फ्यूज बघितला, शाबूत. संध्याकाळी साडेसातला मी घेऊन निघालो तर किट चालू! आज सोमवार, दुपारी पुन्हा मेलेली, आत्ता साताला पुन्हा जिवंत. दिवसा एकदाही चालत नाही, रात्री एकदाही बंद पडत नाही. हे काय प्रकरण आहे?

कडक_भाकरी | २१ एप्रिल, रात्री ८:३९

किट हाय का घुबड बे?

उन्हानं हुतंय ते. त्रेचाळीस हाय आज. माणसं चालंनात, तुमचा डबा कुठनं चालंल.

बार्शीलाईट | २१ एप्रिल, रात्री ८:५५

मलाही उष्णताच वाटते. डबा कुठे ठेवलाय? डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला असेल तर काच तापून डबाही तापतो. खाली, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे न्या.

सातरस्ता | २१ एप्रिल, रात्री ९:०२

तिथेच आहे, खाली.

मुक्काम_हडपसर | २१ एप्रिल, रात्री ९:२०

उष्णता असेल तर सकाळी सातला गाडी सुरू केल्या केल्या चालायला हवी आणि नंतर बंद पडायला हवी. सकाळची वेळ तपासा. दुसरं, सोल्डर सुटं असेल तर गरम झाल्यावर प्रसरण पावून तार सुटू शकते. पण ती इतकी घड्याळ लावून सुटणार नाही.

सातरस्ता | २२ एप्रिल, सकाळी ७:१५

आत्ता खाली जाऊन आलो. गाडी रात्रभर सावलीत, हाताला थंडगार. किट बंद. म्हणजे उष्णता बाद.

काल त्या दुकानात पुन्हा विचारलं. "बॉक्स गेलाय, मी आधीच सांगितलं होतं" असं हसत हसत सांगितलं. बॉक्स गेला असेल तर रात्री कसा चालतो, यावर उत्तर नाही.

बाराबंदी | २२ एप्रिल, सकाळी ९:४०

फोन बदलून पाहिलात का? काही फोन बॅटरी वाचवायला ब्लूटूथ झोपवतात.

सातरस्ता | २२ एप्रिल, सकाळी ९:४८

स्क्रीनच पेटत नाही हो, फोनचा संबंधच येत नाही.

वायरमन१३ | २२ एप्रिल, दुपारी २:०५

साहेब एक काम करा. आत्ता दुपारी गाडीत बसा, चावी लावा, आणि पार्किंग लाइट लावा. काय होतं ते लिहा.

सातरस्ता | २२ एप्रिल, दुपारी २:३१

आयला.

चालू झाली. लाइट बंद केला, बंद झाली. लावला, चालू.

मुक्काम_हडपसर | २२ एप्रिल, दुपारी २:३३

😂😂 नारिंगी तार!

कडक_भाकरी | २२ एप्रिल, दुपारी २:४०

आं? कुणीतरी सांगा की ओ नीट.

वायरमन१३ | २२ एप्रिल, रात्री ९:१५

दुकान बंद करून आत्ता बसलो, लिहितो.

साहेबांनी रंगाला रंग जोडला. टेपच्या तारांत पिवळी म्हणजे कायमची, लाल म्हणजे चावीची, काळी अर्थ, आणि नारिंगी म्हणजे लाइटची. रात्री दिवे लावल्यावर टेपची बटणं उजळावीत म्हणून ती पार्किंग लाइटवरून आलेली असते. या किटचा हिशोब वेगळा. हिच्यात लाल कायमची आणि नारिंगी चावीची. नारिंगीला १२ व्होल्ट आले की तिला कळतं गाडी चालू झाली, मग ती उठते. साहेबांनी किटची नारिंगी टेपच्या नारिंगीला जोडली. म्हणून दिवे लावले की ती उठणार आणि दिवे घालवले की झोपणार. रात्री आपण दिवे लावूनच गाडी चालवतो, म्हणून रात्री चालते. उन्हाचा बिचाऱ्याचा काही दोष नाही.

आता मला खरं सांगा. आयएसओ कपलर कापला ना? आणि किटची पिवळी कुठे आहे?

सातरस्ता | २२ एप्रिल, रात्री ९:४०

कापला. खोटं कशाला बोलू. कपलरची जोडी आणायला दुकानात जायचा कंटाळा केला, शनिवारी दुपारी तीन वाजले होते, ऊन मी म्हणत होतं. दोन्हीकडे लाल, काळी, नारिंगी दिसली, म्हटलं देवानेच जोड्या जुळवल्यात. मीटर शेजारी पडून होता.

पिवळी मात्र जोडली नाही. किटच्या कागदावर तिच्यापुढे म्यूट लिहिलंय, माझ्या टेपला म्यूटची तारच नाही. म्हणून टोक पट्टीने गुंडाळून मोकळी ठेवली.

वायरमन१३ | २२ एप्रिल, रात्री ९:५२

तेवढ्यावर वाचलात. म्यूटची तार फोन आला की टेपला 'गप्प बस' म्हणून अर्थ देते. ती पिवळीला पिवळी म्हणून कायमच्या १२ व्होल्टला जोडली असती तर पहिल्याच फोनला आतलं जळलं असतं.

आता करायचं असं. किटची लाल गाडीच्या कायमच्या तारेला. नारिंगी गाडीच्या चावीच्या तारेला. टेपची लाइटची तार टेपलाच राहू दे. किटच्या फ्यूजची नळी असेल तर ती ठेवा, नसेल तर फ्यूज घाला. पिळून पट्टी मारू नका, सोल्डर करून स्लीव्ह चढवा, ती लायटरने आकसते. पट्टी आपल्याकडे एका उन्हाळ्यात सुटते, तुम्ही पाहिलंच.

आणि झाल्यावर हे तपासाच. चावी काढा, दारं बंद, पंधरा मिनिटं थांबा. बॅटरीचा मायनस काढून मीटर १० अँपिअरवर मधे लावा. ५० मिलीअँपिअरच्या आत आला पाहिजे. समजा २०० दाखवला, तर दिवसाला जवळपास पाच अँपिअर-तास गेले, तुमची बॅटरी ३५ ची असेल तर आठवडाभर गाडी उभी राहिली की संपली. लोक गावाला जाऊन येतात आणि बॅटरीवाल्याला शिव्या देतात. मीटर मधे असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटर जाईल.

बार्शीलाईट | २२ एप्रिल, रात्री १०:१०

माझ्या पहिल्या गाडीत दर सोमवारी बॅटरी उतरायची. वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. आज कळतंय. कुणीतरी रिव्हर्स कॅमेरा बसवून दिला होता आणि तो कायम चालू असायचा, असं आता वाटतंय.

मुक्काम_हडपसर | २२ एप्रिल, रात्री १०:२५

अवांतर: ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचं टोपणनाव, निळा दात. त्याने विखुरलेली माणसं एकत्र आणली म्हणे, म्हणून वेगवेगळी उपकरणं जोडणाऱ्या तंत्राला ते दिलं. त्या चिन्हातही त्याच्या नावाची दोन जुनी अक्षरं एकात एक गुंफलेली आहेत.

कडक_भाकरी | २२ एप्रिल, रात्री १०:३१

राजानं माणसं जोडली, साहेबांनी नारिंगीला नारिंगी जोडली.

सातरस्ता | २७ एप्रिल, रात्री ९:००

दुसरा हप्ता. या वेळी कपलरची जोडी आणली, रंग विसरलो, मीटरने प्रत्येक तार तपासून कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या. गंमत म्हणजे गाडीकडून आलेल्या तारांत कायमची तार निळी निघाली. आधी ज्याने काम केलं त्याच्याकडे त्या दिवशी जो रंग होता तो त्याने वापरला असणार. किट आता चावीबरोबर उठते, चावीबरोबर झोपते. चावी काढल्यावर मीटर २८ मिलीअँपिअर.

पण सुखासुखी कसं होईल. आता फोनवर बोलताना बारीक 'कुईं' असा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की त्याचा सूर चढतो, सोडला की उतरतो.

वायरमन१३ | २७ एप्रिल, रात्री ९:२०

अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवतो तो) बोलतोय. अर्थ कुठून घेतला?

सातरस्ता | २७ एप्रिल, रात्री ९:२४

टेपची जुनी काळी तार होती तिलाच.

वायरमन१३ | २७ एप्रिल, रात्री ९:३१

ती कुठे जाते बघा. दहातल्या नऊ वेळा लायटरच्या अर्थला पिळलेली असते. लांब, बारीक आणि अर्धी गंजलेली. डॅशबोर्डच्या मागे लोखंडी पट्टीला बोल्ट असतो. तो काढा, खालचा रंग रेतीकागदाने घासून लोखंड चमकवा, तारेच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) लावून तिथे आवळा. टेप आणि किट, दोघांचा अर्थ एकाच बोल्टला. तार जितकी आखूड तितकी बरी.

सातरस्ता | २८ एप्रिल, रात्री ८:१५

लायटरलाच होती. तुम्ही गाडी न बघता कसं सांगता?

बोल्टला घेतली, कुईं गेली. पूर्ण. बंद गाडीत आणि चालू गाडीत फरक कळत नाही.

आता शेवटची तक्रार, आणि ती आईची आहे. आम्हाला तिचं सगळं स्पष्ट ऐकू येतं, पण तिला अण्णांचं येत नाही. ती म्हणते, "गिरणीत आहात का?" माझे आजोबा गिरणीत होते, आईने लहानपणी त्यांचा डबा पोचवलाय, त्यामुळे तिने उगाच उपमा दिली असेल असं समजू नका.

बार्शीलाईट | २८ एप्रिल, रात्री ८:४०

माइक कुठे लावलाय?

सातरस्ता | २८ एप्रिल, रात्री ८:४३

स्टिअरिंगच्या खालच्या कव्हरवर. तार तिथवर सहज पोचली.

बार्शीलाईट | २८ एप्रिल, रात्री ८:५८

मग एसीचा ब्लोअर थेट माइकवर वाहतोय. एप्रिलात ब्लोअर चारवर असणार, गिरणीच ती. वर न्या. आतल्या आरशाजवळ किंवा ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबाच्या वरच्या टोकाला, तोंड चालवणाऱ्याकडे करून. तार खांबाच्या प्लास्टिकखालून आणि वरच्या कापडाच्या कडेतून नेता येते, कात्री लागत नाही, बोटाने आत सारायची. तुमच्या गाडीत नाहीत, पण नव्या गाडीत करणाऱ्यांनी जपून, त्या खांबात कधी कधी एअरबॅग असते. तिच्यासमोरून तार ओढू नये.

आणि फोन आला की ब्लोअर दोनवर आणायची सवय लावा. काचा उघड्या असतील तर कुठलाच माइक काही करू शकत नाही.

मुक्काम_हडपसर | २८ एप्रिल, रात्री ९:१०

+१. शिवाय आईला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर किटचा आवाज कमी करा. किट प्रतिध्वनी कापते, पण स्पीकर फाटेस्तोवर वाजत असेल तर तिलाही मर्यादा आहेत.

सातरस्ता | १० मे, रात्री १०:२०

माइक आरशाजवळ नेला. आई म्हणते आता गिरणी बंद पडली. (सोलापुरात हे वाक्य आनंदाने म्हणणारी ती पहिलीच.)

मोहिनी एकादशीला पंढरपूरला जाऊन आलो, अण्णा चालवत होते. जाताना तीन फोन, येताना दोन. हात एकदाही खिशात गेला नाही. डोकं मोकळं होत नाही हे बाराबंदींचं म्हणणं मात्र खरं आहे. बोलताना गाडी आपोआप पन्नासवर येते आणि मागचे हॉर्न मारतात. ते चालेल.

एक नवीन तक्रार आहे, अण्णांची. फोन आला की आवाज बंद होतो, पण कॅसेट फिरतच राहते. आई भाजी काय आणायची ते सांगते तोवर एक कडवं निघून जातं. यावर काही उपाय?

वायरमन१३ | १० मे, रात्री १०:३५

नाही साहेब. किट स्पीकर काढून घेते, टेपला थांबवू शकत नाही. त्याला बोटच पाहिजे.

कडक_भाकरी | १० मे, रात्री १०:४१

मग काय करलालेत अण्णा?

सातरस्ता | १० मे, रात्री १०:५०

आईला सांगून ठेवलंय, बोलायचं ते कॅसेटची बाजू पालटताना बोलायचं. आता ती फोन लागला की आधी विचारते, "कुठली बाजू चाललीय?"